मोटारीची खरखर

भाचीने दार उघडलं तर समोर वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू, काखेत रेडिओ घेऊन.

"माफ करा, पण तुमच्याकडे काही... फिरतं का? बातम्यांऐवजी नुसती खरखर ऐकू येतेय."

फिरत होतं खरं. आत्याचे गुडघे धरल्यापासून तिला चहा नेऊन देणारी, मोटारीवर चालणारी दोन चाकांची छोटी गाडी भाचीने स्वतः जोडली होती. पण गाडी अशी किंचाळायची की आत्या कानांवर हात ठेवायची. शिवाय मध्येच भरकटून खुर्चीला धडकायची.

"भांडायला आला असशील तर आधी बस," आतून आत्या म्हणाली.

तो थेट जमिनीवरच बसला आणि डोळे मिटून मोटारीला कान लावला. इतकं मन लावून आपलं कुणी कधी ऐकलंय का, असं भाचीच्या मनात आलं.

"आत ठिणग्या उडतायत. त्यांचा त्रास तारांवाटे गाडीला होतो, आणि मला वर."

"तो त्रास गिळायला कपॅसिटर लावलेत की मी."

"सर्किट बोर्डाजवळ लावलेत, मोटारीपासून लांब. चोराला दारातच धरायचं, गल्लीच्या टोकाला नाही."

रोज संध्याकाळी तो येऊ लागला. मोटारीचा पत्रा घासून त्याने कपॅसिटर तिथेच सोल्डरने जोडले. तिने तारांना पीळ घातला.

"पीळ उलटा पडतोय तुमचा," तो हळूच म्हणाला.

"सोल्डरच्या धुरामुळे."

"धुराने डोळे चुरचुरतात..."

किंचाळणं मात्र तिनेच थांबवलं. मोटारीला मिळणारे विजेचे झटके तिने इतके जलद केले की ते कानाला ऐकूच येईनात. "हे मला सुचलं नसतं," तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघतच राहिला. गाडी गुपचूप आत्यापर्यंत गेली, थेंबही न सांडता.

मग तो येईनासा झाला. कामच उरलं नव्हतं ना! तिला घर खायला उठलं. एका रविवारी तिने कटर घेतला, एक कपॅसिटर तोडला आणि गाडी सोडली.

लगेच दार वाजलं.

"रेडिओ खरखरला?" तिने भाबडेपणाने विचारलं.

"रेडिओ लावलाच नव्हता. जिन्यात उभा होतो... यायला काही निमित्त सुचतंय का, बघत." त्याची नजर तिच्या हातातल्या कटरवर गेली. "तुटला?"

"तोडला," ती म्हणाली. "तू यावंस म्हणून."

तो खाली बसला आणि तुटलेलं टोक हातात घेतलं. कान मात्र लाल झाले होते.

"हा आत्ता जोडतो, नाहीतर आत्यांचा चहा सांडेल. पण उद्या येईन, काहीही बिघडलेलं नसलं तरी."

"आणि परवा?" आतून आत्याने विचारलं.

"परवाही," तो म्हणाला. तिने सोल्डरिंगचं पेन तापत ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसली.