जाखमातेच्या सुळक्यावरचा दोर

रविवारी परदेशी पाहुण्यांची पहिली तुकडी येणार होती. त्याआधी जाखमातेच्या सुळक्यावर पक्का दोर बांधायचाच, अशा हट्टानं कोमल पनवेलजवळच्या विचुंब्याहून सकाळीच निघाली. डोंगरवाटा दाखवायचं काम तिनं नुकतंच सुरू केलं होतं. गेल्या हिवाळ्यात एक पाहुणी याच सुळक्यावरून घसरली, तिचा पाय मोडला, आणि तेव्हापासून कोमलच्या जिवाला घोर लागला होता. आपल्या भरवशावर आलेला माणूस धडधाकट घरी जायला हवा! पण सुळका वगळला तर पाहुणे येतील का, हीही धास्ती होतीच.

सोबत दोघं होते. पनवेलचा नियाज आखातात उंच इमारतींच्या काचा दोराला लटकून पुसायचा. दोर हा त्याच्या हातचा मळ. दुसरे पायथ्याच्या वाडीतले दिनानाथकाका. जाखमातेची पूजा त्यांच्याच घराण्याकडे.

कारवीच्या रानातून, घसाऱ्यावर पाय सांभाळत तिघं माचीवर पोचले. खाली दूरवर खाडी चमकत होती, नवीन पनवेलच्या इमारती काडेपेट्यांएवढ्या दिसत होत्या, आणि समोर सरळसोट सुळका. नियाजनं सामान मांडलं. काकांनी मात्र त्याला थांबवलं. देवीला धूप दाखवल्याशिवाय त्यांच्याकडे साधी विहीर खणत नाहीत, मग हे तर तिच्या अंगावर मेखा ठोकायचं काम! शेंदूर लावलेल्या दगडापुढे काकांनी नारळाच्या शेंड्या पेटवून धूप घातला. कोमलनं पदर कमरेला खोचावा तशी ओढणी खोचली आणि वारा घालून धूर चांगला उठवला. नियाजही टोपी काढून अदबीनं उभा राहिला. वर कुणी पाहिलंच नाही.

मग नियाज चढू लागला. मेख ठोकायची, दोर अडकवायचा, पुढे सरकायचं. दोराचं खालचं टोक कोमलच्या कमरपट्ट्यातल्या कडीतून तिच्या मुठीत होतं. तो निम्म्यावर पोचला आणि कपारीतून चढलेला धूर वरच्या आग्यामोहोळाला भिडला.

घूंऽऽ! काळा लोट सुटला. नियाजचा हात निसटला. दोर ताणला. कोमल फरफटत कड्याला आदळली, पण मूठ सुटली नाही. माश्या तुटून पडल्या. कपाळ, ओठ, मान! पळायचं तर दोर सोडावा लागणार, आणि दोर सोडला तर नियाज संपला.

“कोमल, फक्त सोडू नकोस!” वरून नियाज एवढंच बोलला.

तेवढ्यात तिच्या डोक्यावरून काकांच्या खांद्यावरची घोंगडी पडली. काका तिला पाठीमागून कवळून उभे होते. ते स्वतः उघडेच.

“पोरी, हालू नको. मी हाय.”

डोळे सुजून मिटले होते. हातांच्या अंदाजानं कोमल दोर सोडत गेली. थोडा. आणखी थोडा. अखेर धप्प आवाज आला! नियाजचे पाय जमिनीला लागले होते. एका घोंगडीखाली तिघं रांगत, खरचटत कारवीत शिरले आणि माश्या मागे पडल्या.

पनवेलच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवसापर्यंत तिघांच्या खाटा शेजारीशेजारी होत्या. नियाजची अम्मी हलीमा खिचडी घेऊन आली आणि लेकाच्या आधी कोमललाच भरवू लागली. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. धूप आपणच घातला, हे त्यांना खात होतं. कोमल उठून त्यांच्या पायाशी बसली. त्यांच्या पाठीत रुतलेले माश्यांचे काटे काढता काढता परिचारिका थकली होती, हे कोमलला ठाऊक होतं. तिला रडू आवरेना. तुमच्यामुळे मी दोर धरू शकले, तुमच्यामुळे आपण तिघं आहोत, असं तिनं त्यांना सांगितलं. काकांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच दिवशी तिनं मनाशी ठरवून टाकलं.

रविवारी पाहुणे माचीवर पोचले, तेव्हा सुळक्याच्या अलीकडे आडवा दोर बांधलेला होता. गाठी नियाजच्याच होत्या, अजून सुजलेल्या बोटांनी मारलेल्या. एका पाहुण्यानं हिरमुसून विचारलं, इतक्या लांबून आलो, तर वर का नाही?

“वर आमची देवी राहते, आणि तिच्या माश्या,” कोमल म्हणाली. “त्यांनी आमच्या तिघांचा जीव परत दिलाय. आता तुमचा मी त्यांच्याकडे मागायला जाणार नाही.”

पाहुण्यानं तिच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो दोराच्या अलीकडे बसला. ऊन उतरायच्या आत कोमलनं सगळ्यांना पायथ्याशी आणलं. वाडीत काका चहाचं आधण ठेवून वाट पाहत होते.