नंदीची मैत्रीण

अगं ऐका तरी, मग हसा! तुमच्या वरल्या आळीला काय ठावं? लढाईपायी साखर मिळंना, तरी औंदा आमच्या आळीत हादगा झालाच. रोज एकीच्या अंगणात पाटावरच्या हत्तीभवती फेर धरायचा. गाणी झाली की तिची आई झाकलेला डबा आणायची, आन् आत खिरापत काय हाय ते आमी वळखायचं.

नंदी माझी एकुलती एक मैत्रीण. तिला आई न्हाई, बाप लोणावळ्याला रेल्वेत गँगमन. ऱ्हाती धोंडाबाई मावशीकडं. आमच्या घरी पाच भाऊ, पर माझ्याशी बोलतंय कोण? म्हणून नंदी माझी. माझीच.

औंदा नंदी रोज पैल्या झटक्यात वळखाया लागली. "भिजली डाळ." बरोबर! "काकडी, वर खोबरं." बरोबर! बोलायच्या आधी डावीकडं मान झुकवून ऐकायची. तितं कुणी नसायचं.

"कोण सांगतं गं तुला?"

"माझी मैत्रीण."

"मग मी कोण?"

"तुला पाच भाऊ हायती की," म्हणली, आन् डावीकडं बघून हसली.

असा जळफळाट झाला माझा!

आमच्या घरची पाळी आली. आईनं डब्यात वाटली डाळ भरलीवती. मी ती गपचूप कोंबड्यांना घातली, आन् रिकामाच डबा झाकून ठेवला. वळख म्हणलं आता!

नंदीनं मान झुकवली. लय वेळ. उनं हुती अजून, कौलांवर चिमण्या वरडत हुत्या. त्या एकदम गप झाल्या.

"रिकामा हाय," नंदी म्हणली. आन् रडायलाच लागली. "कमळे, रिकामं का झाकलंस? तिला वाटलं, तू तिला जागा केलीस. ती तुझी आता."

"बरं झालं!" मी म्हणलं. मनापासनं म्हणलं.

आई फणकारली, "रिकामी खिरापत ठेवतं व्हय कुणी, कार्टे?"

दुसऱ्या दिसापासनं नंदीला एकबी खिरापत वळखंना. पोरींत खिदळाया लागली. माझ्या डाव्या कानाशी मातर गार लागायचं. मला ग्वाड वाटायचं.

मग भाऊबी बोलाया लागले. माझ्या डावीकडं बघून.

काल दिवेलागणीला आईनं दारातनं जेवायला हाक मारली. एकच नाव घेतलं.

माझं न्हवतं.

मी पायरीवरच बसलेवते. माझ्या शेजारनं कुणीतरी म्हणलं, "आले गं, आई."