मागची जागा

या, जरा पुढं सरकून बसा. अभंग नंतर म्हणू, आधी कोंडाजीच्या भाच्याची गोष्ट ऐका.

साठ सालचा फाल्गुन. मुळशीच्या धरणाचं पाणी मागं हटलं होतं आणि काठचा गाळ वाळून अंगणासारखा सपाट झाला होता. त्यावर वाल्मीकचं विमान उभं होतं. वाल्मीक म्हणजे हाच भाचा, पुण्याच्या कारखान्यात फिटर. लाकडाचा सांगाडा, वर ताणलेलं कापड, जुनं इंजिन. पिरंगुटच्या गोठ्यात खपून त्यानं दोन माणसांचं विमान बांधलं होतं. आज ते पहिल्यांदा उडायचं होतं.

कोंडाजीमामाला त्यानं नियम समजावला होता. पहिल्या खेपेला माणूस एकच, पुढं. मागं ओझं झालं की शेपूट दबतं, नाक वर जातं आणि विमान दगडासारखं खाली येतं.

कोंडाजी कीर्तनात झांज धरायचा. रामकथेला मारुतीसाठी रिकामा पाट मांडायचा मान त्याच्या घराण्याचा. एकदा पाट मांडून ‘बसा’ म्हटलं की कथा संपेपर्यंत त्याला कुणी हात लावत नसे. विमानातली मागची जागा रिकामी दिसली आणि त्याला राहवलं नाही. वाऱ्याचा लेक सोबत असला तर पोराला कसली भीती? त्यानं तिथं रुईचं एक पान ठेवलं. त्या जागेचा कमरेचा पट्टा खाली लोंबत होता, तो तसाच राहू दिला.

“बसा महाराज,” तो हात जोडून म्हणाला.

विमान थोडं पळालं आणि थांबलं. वाल्मीकनं मान वळवली.

“मामा, शेपूट जड लागतंय. मागं काय ठेवलंया?”

“रुईचं पान हाय.”

वाल्मीक हसला. “मारुतीला बसवलंत व्हय? त्यो डोंगर घिऊन बसला तर माझी पंचाईत.”

उतरून त्यानं मागची जागा चाचपली. गादी दबलेली होती. त्यानं ती सारखी केली. हात काढताच ती हळूच पुन्हा दबली. तो पान उचलायला वाकला.

“उठवू नगं,” कोंडाजी म्हणाला. “बसलेल्याला मधीच उठवत न्हाईत.”

भाचा त्याच्याकडं बघत राहिला. मग खालचा गाळच मऊ असेल म्हणाला, आणि मामाचा शब्द मोडवेना म्हणून तसाच चढला.

विमान उठलं. पाण्यावर गेलं.

नाक वर झालं. आणखी वर.

इंजिनाचा आवाज थांबला.

कोंडाजी लोकांबरोबर कमरेएवढ्या पाण्यात शिरला. पुढं वाल्मीक होता, मान छातीवर. मागं पान नव्हतं. गादी कोरडी होती आणि पट्टा तिच्यावर लावलेला होता, आत कुणी बसल्यासारखा फुगीर.

कोंडाजी रडला नाही. घरी येऊन त्यानं बैलांना वैरण टाकली, दिलेला चहा प्याला. बहीण गोजराबाई, पोराची आई, उंबऱ्यात बसून होती.

रामनवमीला देवळात कथा लागली. कोंडाजीनं सवयीनं पाट मांडला, हात जोडले. ‘बसा’ म्हणायचं होतं. तोंडून निघालं, “बस.”

कथा संपल्यावर तो पाट उचलायला वाकला. पाट ओला होता. त्याला पेट्रोलचा वास येत होता.

कोंडाजीनं पाट उचलला नाही. तो पाट अजून तिथंच आहे.

तेव्हा मंडळी, कुठं रिकामी जागा दिसली तर आमच्या वाल्मीकची आठवण काढा. फक्त त्याला बस म्हणू नका.