चांदीच्या तारेचा आवाज

"काजल, माह्या अब्बूले चोर म्हणून राह्यले!"

सकाळी सव्वानऊला मलिहा फोनवर एवढंच बोलली. काजलने तोंडातले पोहे तसेच गिळले, सायकल काढली आणि नांदुऱ्याच्या बाजारातून अशी दामटली की दोन म्हशी आपणहून बाजूला झाल्या.

शाळेच्या सभागृहाबाहेर मलिहा उभी होती. रडत नव्हती. नखं कुरतडत होती, नारिंगी नेलपॉलिशचे टवके उडत होते.

"काय चोरलं म्हणतात?"

"चांदी."

"कोणती चांदी बे?"

"त्या तारेतली!"

ती तार साऱ्या शाळेला माहीत होती. माजी विद्यार्थिनी पुष्पांजलीताईंनी शाळेच्या साउंडसाठी देणगी पाठवली आणि संगीताच्या गोकुळ सरांनी तिच्यातून स्पीकरला जोडायची पंचेचाळीस हजारांची तार आणली. परदेशी. आत म्हणे चांदी, वर निळं विणलेलं कवच. पंधरा दिवसांपूर्वी सरांनी सगळ्यांना बसवून एकच गाणं दोनदा ऐकवलं. आधी साध्या तारेवर, मग निळ्या. मध्ये तार बदलायला ते स्वतःच मिक्सरपाशी गेले. दुसऱ्यांदा गाणं असं उघडलं की काजलच्याही अंगावर काटा आला. शेवटच्या खिडकीतली ढिली काच थरथरली.

"ऐका! काचसुद्धा दाद देतेय!" सर म्हणाले होते. टाळ्याच टाळ्या.

कालच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीला काजल नव्हती. मलिहाने सांगितलं, तालमीत मात्र आवाज बसका आला. सर म्हणाले, आतली तार कुणीतरी बदलली. सगळ्यांसमोर त्यांनी कवच मधोमध चिरलं. आत साधं, लालसर तांबं. आणि सभागृहाची दुसरी किल्ली कोणाकडे? गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाला साउंड लावणाऱ्या फारुखचाचांकडे. म्हणजे मलिहाच्या अब्बूंकडे.

"बारा वाजेपर्यंत चांदी आणून नाही दिली तं पोलिसात देतात," मलिहा म्हणाली. "मोठ्या मॅडमनं माईकवर सांगितलं. पूर्ण शाळेसमोर. उद्यापासून अब्बूले लग्नात कोण बोलावीन?"

काजलची कानशिलं तापली. पुरावा नाही, चौकशी नाही, थेट माईकवर!

फारुखचाचा आत बाकावर बसले होते. शेजारी त्यांची तारांची लोखंडी पेटी. तिला शाळेचं कुलूप.

"चाचा, काल तालमीत मिक्सरवर कोण होतं?"

"गोकुळ सर. मले म्हणे, तू खुर्च्या पाहा."

"अन् त्या दिवशी दोनदा गाणं वाजवलं तेव्हा?"

"सरच. मी दारापाशी होतो."

"काल काच वाजली?"

चाचांनी आठवून पाहिलं. "नाही वाजली." मग त्यांचा आवाज चढला. "बेटा, माहीच एक तार पंधरा ऑगस्टपासून इथून गायब हाय. खूण केलेली. म्या कोणाले चोर म्हटलं का?"

काजलने मोबाईल काढला. शाळेच्या ग्रुपवर त्या पहिल्या दिवसाचा फोटो होता. गोकुळ सर, हातात निळ्या तारेचं टोक. पिनेजवळ कवच जरासं मागे सरकलेलं आणि आतल्या तारेवर बारीक नारिंगी ठिपका. कुणीतरी विचारलं होतं, 'हा ठिपका कसला?' सरांचं उत्तर होतं, 'ओरिजिनल मालाची खूण.'

तिने फोटो मोठा केला. मलिहाच्या कानात काहीतरी विचारलं.

"हाव," मलिहा म्हणाली. "काऊन?"

काजल उत्तर न देता मॅडमच्या ऑफिसकडे निघालीसुद्धा.

साडेअकराला सभागृहात मुख्याध्यापिका संजीवनी मॅडम, गोकुळ सर, भागवत शिपाई आणि नुकत्याच पोहोचलेल्या पुष्पांजलीताई जमल्या. ताई इलेक्ट्रिकल इंजिनिअर. संमेलनाच्या पाहुण्याही त्याच.

"पाच मिनिटं दिलीत," मॅडम म्हणाल्या. "बोल."

"सर, हा ठिपका कंपनीचाच ना?"

"मी लिहिलंय ग्रुपवर."

"कोणाले तसाच मारता येते?"

"शक्यच नाही. नक्कल होत नाही त्याची."

"म्हणजे ठिपका आहे ती तार ओरिजिनल?"

"शंभर टक्के! दहावीच्या पोरीने मला शिकवू नये."

"भागवतकाका, कवच पूर्ण काढा."

भागवतकाकांनी कवच पिनेपर्यंत सोललं. पिनेजवळ नारिंगी ठिपका. फोटोतलाच.

"मग सर, तार बदलली कुठं? पहिल्या दिवशी जी होती तीच आहे की!"

सरांनी घाम पुसला. "त्यानेच... त्या फारुखनेच ठिपका मारला असेल."

"आताच तं म्हटलं, नक्कल होत नाही! मॅडम, चाचांची पेटी उघडा."

कुलूप निघालं. एक तार, दोन तारा, दहा तारा. प्रत्येकीच्या पिनेजवळ नारिंगी ठिपका.

"घ्या सर," काजल कडाडली. "बावीसच्या बावीस ओरिजिनल!"

मलिहाने दोन्ही हात सरांच्या नाकासमोर धरले. दहा नारिंगी नखं. "माहं नेलपॉलिश हाय हे! लग्नात दुसऱ्याच्या तारांत मिसळू नये म्हणून मीच लावून देते."

"पण आवाज?" मॅडम गोंधळल्या. "तो तर मी माझ्या कानांनी ऐकला."

काजलने पेटीतली एक तार चाचांकडून जोडून घेतली आणि गाणं लावलं. मिक्सरचं बटण दोन रेघा वर नेलं. शेवटच्या खिडकीतली काच थरथरली. दोन रेघा खाली. काच गप्प, गाणं बसकं.

"तार तीच, मॅडम. त्या दिवशी सरांनी बटण वाढवलं, काल कमी केलं. जरासा मोठा आवाज कानाले चांगलाच वाटते, अन् किंमत आधीच सांगितली तं अजून चांगला! परदेशी तार कधी आलीच नाही. चाचांची हरवलेली तार घेतली, वर निळं कवच चढवलं. मग कळलं, पाहुण्या इंजिनिअर आहेत. त्या तार उघडून पाहतील. म्हणून आज त्या यायच्या आधी, कालच चोर सापडायला हवा होता."

"तार कोणत्या दुकानातून घेतली, सर?" पुष्पांजलीताईंनी विचारलं.

सरांनी खिसे चाचपले. बिल काही निघालं नाही.

मॅडमनी हातातला तक्रारीचा कागद फाडायला घेतला.

"फाडू नका," काजल म्हणाली. "तक्रार बरोबर आहे. फक्त नाव बदला."

मॅडमनी नाव खोडलं. मग पुटपुटल्या, "फारुखभाई, झालं ते झालं. दुपारी कार्यक्रम आहे, साउंड लावून घ्या."

"चोर माईकवर म्हटलं होतं, मॅडम," मलिहा म्हणाली. ती जागची हलली नाही.

दोन वाजता सभागृह भरलं. संजीवनी मॅडम माईकसमोर आल्या आणि खाली बघत बोलल्या, "फारुखभाईंनी चोरी केलेली नाही. चूक माझी झाली."

"मॅडम," मिक्सरपासून फारुखचाचा म्हणाले, "मागं ऐकू नाही येऊन राह्यलं."

त्यांनी बटण दोन रेघा वर नेलं.

"आता बोला."

मॅडम पुन्हा बोलल्या. शेवटच्या खिडकीतली काच थरथरली.