नऊ नंबरची भुरी

माझ्या मल्हारमामांची आण घेऊन सांगते, यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

गाव वडगाव रासाई, तालुका शिरूर. तारीख २१ फेब्रुवारी २००२, गुरुवार. वेळ सकाळी अकराची.

हो, सकाळची. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. पत्र्यावर ऊन तापलं होतं.

गावाबाहेर तेव्हा संशोधनाची एक शेड होती. तिथं बारा मेंढ्या होत्या. प्रत्येकीच्या कातडीखाली बॅटरीचं छोटं यंत्र बसवलेलं. ते हृदयाला रात्रंदिवस पळवायचं. तीन-चार आठवड्यांत हृदय थकायचं, धाप लागायची, अंगावर सूज चढायची. मग यंत्र बंद करायचं आणि हृदय किती सावरतं ते बघायचं. माणसांच्या औषधासाठी चाललं होतं सगळं.

मी नुकतीच बी.एस्सी. होऊन तिथं लागले होते. मशीनवरचे ठोके लिहायचं काम. मेंढ्या सांभाळायला मल्हारमामांना मीच आणलं. धनगराचं घर आमचं. मामा कळप विकून शेतीला लागले होते, पण मेंढरांवाचून त्यांना हात रिकामे वाटायचे.

आम्ही नंबर म्हणायचो. मामांनी त्यांना नावं दिली होती. नऊ नंबर म्हणजे भुरी.

त्या गुरुवारी भुरी उभ्या उभ्या कोसळली.

आमचे डॉक्टर, सत्यजीत सर, धावत आले. यंत्र बंद केलं. इंजेक्शन दिलं. छाती दाबत राहिले.

मशीनवर सरळ रेघ.

वीस मिनिटांनी सर घाम पुसत उठले. "लिही पूनम."

मी लिहिलं. नऊ नंबर, अकरा वाजून वीस मिनिटं, मृत.

मामा मात्र तिच्या कानाशी वाकलेलेच होते. रानात चुकलेल्या मेंढराला घालतात तशी साद घालत होते. अगदी हलक्या आवाजात.

"हर्रर्र... यो. हर्रर्र... यो."

प्रत्येक धनगराची साद निराळी असते. ही मामांची होती.

आणि मग...

रेघ हलली.

भुरी उठून उभी राहिली.

आठवड्याभरात तिचं हृदय मशीनवर निरोगी मेंढीसारखं दिसायला लागलं. आधीच्या कुणाचंच एवढं सावरलं नव्हतं. सरांना काय करू नि काय नको असं झालं. पुण्याला फोन गेले.

मामा तिच्या पुढ्यातला चारा चाचपत बसले होते.

"काय झालं मामा?" मी विचारलं.

"रवंथ करत न्हाई ती."

"आजारी होती ना. करेल हळूहळू."

"चारा तसाच हाय. पाणी तसंच हाय. आन् सात दिस झालं पूनम, तिच्याखाली एक लेंडी न्हाई."

मी तिचं वजन केलं. पुन्हा केलं.

एक ग्रॅमही उतरलं नव्हतं...

बाकीच्या अकरा मेंढ्या समोरच्या भिंतीला अंग लावून उभ्या होत्या. एकीचाही आवाज नाही.

"कान लाव तिच्या बरगडीला," मामा म्हणाले.

मशीनवर ठोके ऐंशी पडत होते. आकडा माझ्या डोळ्यासमोर होता. मी गुडघ्यावर बसले आणि लोकरीत कान दाबला.

काहीच नाही.

ठोका नाही. श्वास नाही. विहिरीत वाकल्यावर लागतो तसा गारवा कानाला लागला.

आणि मग, खूप खोलातून...

"हर्रर्र... यो."

मी वर बघितलं. मामांचे ओठ मिटलेले होते.

त्यांनीही ते आधीच ऐकलं होतं. चेहऱ्यावरूनच कळलं मला.

"मी बोलावली तिला," ते म्हणाले. "पर आली ती भुरी न्हाई."

सोमवारी सर तिचं हृदय काढून तपासायला नेणार होते. रविवारी दुपारी शेडवर आम्ही दोघंच होतो. मामांनी माझ्यापुढं हात केला.

"चावी दे. आत काय हाय ते कुणी उघडून बघू नये."

"माझी नोकरी जाईल मामा."

"जाईल."

ते रागावले नव्हते. समजूतही घालत नव्हते. हात तसाच पुढं होता.

मी चावी दिली.

त्यांनी दोर घेतला नाही. पुढं चालत राहिले, साद घालत. भुरी मागून निघाली. उसाच्या बांधाबांधानं दोघं भीमेकडं गेली. मामांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही.

दिवस मावळताना मामा एकटेच परत आले. धोतर कमरेपर्यंत भिजलेलं.

"पोचवली," एवढंच बोलले.

सोमवारी सर आले. मेंढी पळाली असं मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. महिनाअखेर आम्हा दोघांचं काम गेलं, पुढं शेडही बंद पडली. मामांनी वर्षभर त्या दिवसाचं नाव काढलं नाही.

माझं लग्न ठरलं, तेव्हा आदल्या दिवशी अंगणात मांडव घातला जात होता. मामा माझ्याजवळ येऊन बसले. आपणहून बोलले.

"पाण्यात गेली ती. पवली न्हाई. चालत गेली, डोकं बुडंस्तवर. मी तिथंच हुबा. मग पलीकडनं, दौंडच्या अंगानं, कुणीतरी हाक मारली."

"कुणाला?"

"मला. नाव घेऊन. मल्हार म्हणून."

"मग?"

मामा हाताच्या रेषा बघत होते.

"मी ओ दिली का न्हाई... त्येच मला आठवत न्हाई, पोरी."

याला वीसेक वर्षं झाली. मामा अजून वडगावलाच असतात. पंचाऐंशी ओलांडली. गावात सगळे म्हणतात, म्हातारा टुणटुणीत आहे, या वयात इतकी चांगली तब्येत कुणाची बघितली नाही.

मी दर रविवारी त्यांना फोन करते.

घरी मात्र जात नाही.