चौकटीखालचे हात

सकाळचा उजेड माझ्या खोलीत एकदम येत नाही. आधी खिडकीच्या गजांच्या कडा राखाडी होतात. मग छताच्या कोपऱ्यातला कोळिष्टकाचा धागा दिसू लागतो, जणू रात्रभर तो तिथे नव्हताच. मग समोरच्या भिंतीवर, दाराच्या वरच्या बाजूला, एक फिकट चौकोन उमटतो; इतका फिकट, की तो खरोखर आहे की नुसता भास, हे सांगता येऊ नये. हळूहळू त्याला सायीचा रंग चढतो. तो दारावरून खाली सरकतो, टेबलाच्या कडेवर जरासा मोडतो, खुर्चीच्या पाठीवर कुणी हात ठेवावा तसा रेंगाळतो आणि मग निमूट जमिनीवर उतरतो.

जुने, डागाळलेले फोटो दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. एका स्टुडिओच्या मागच्या बाजूला बसून मी अनोळखी चेहऱ्यांवरचा उजेड वाचतो. माणसांशी बोलताना मी अडखळतो. उजेडाशी कधी अडखळलो नाही.

हे एवढं सावकाश सांगतो आहे, कारण पुढे जे घडलं ते याच उजेडात घडलं.

अंधार नव्हता. वीज गेलेली नव्हती. मी पूर्ण जागा होतो.

तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. पण यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचता आलं असतं, तर शेवट वेगळा केला असता.

बाबांच्या खोलीत माझ्या आत्याचा फोटो आहे. बाबांची धाकटी बहीण. मी जन्मण्याआधीच गेली. तापाने गेली, असं घरात सांगतात. तिचा हा एकच फोटो, तोही बाहेरून फोटोग्राफर बोलावून काढलेला, असंही सांगतात. उजवा गाल उजळलेला, डावा सावलीत, आणि दोन्हींच्या सीमेवर एक मऊ, जवळजवळ दयाळू रेषा. या धंद्यात मी आलो तो त्या रेषेमुळे. चेहऱ्यापेक्षा मी उजेडाकडेच अधिक पाहिलं, हे आता कळतं.

त्या आठवड्यात बाबा म्हणाले, "हिचा फोटो मोठा करून आण. पुढच्या खोलीत लावू. पण चौकट हीच ठेव. आतला पुठ्ठा काढू नकोस."

मी मान डोलावली. बाबांशी माझं बोलणं बहुधा मानेनेच होतं.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट ठरली होती. माझ्या धाकट्या बहिणीला, बिट्टीला, दूरच्या शहरात नोकरी लागली होती. बाबांनी नाही म्हटलं. ती भांडली. मग बाबांनी आवाजही न चढवता सांगितलं, की तिचं डोकं ठिकाणावर नाही, तिला शांततेची गरज आहे. मी पुढच्या खोलीत झोपावं आणि बिट्टीने काही दिवस मागच्या खोलीत राहावं. म्हणजे माझ्या खोलीत.

बिट्टी माझ्या दारात टेकून उभी राहिली. "प्रकाशमहाराज, तुम्ही इथून हलणार, मग तुमच्या उजेडाचं कसं व्हायचं? त्याला बदलीचा हुकूम धाडलात का?"

"काही दिवसांचाच प्रश्न आहे," मी म्हणालो. "तुझं डोकं थंड होईल म्हणतात."

"डोकं थंडच आहे रे. पाय तापलेत. निघायला हवं." मग तिचा आवाज उतरला. "दादा, उद्या दुपारच्या बसने गेले नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला देतील. तू बोल ना बाबांशी."

"बोलतो."

"बोलतो म्हणजे... मनातल्या मनात ना?"

ती हसली. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेड दारावर उतरत असताना, मी आत्याचा फोटो टेबलावर घेतला. फोटोच्या कडा झाकणाऱ्या पुठ्ठ्यासकट प्रत नीट येत नाही. कडेला सावली धरते. कामाची सवय म्हणा... मी मागचे खिळे उचकटले आणि पुठ्ठा बाजूला केला.

पुठ्ठ्याखाली आत्याचे हात होते.

मांडीवर ठेवलेले. दहाही बोटांची टोकं फडक्याच्या चिंध्यांनी गुंडाळलेली.

स्वयंपाकघरात भाजलं असेल, मी स्वतःला म्हणालो. दहाही बोटं?

हातांवरून एक सावली पडली होती. फोटो काढणाऱ्याची. खिडकी त्याच्या पाठीशी, जरा तिरकी असणार. त्याचं डोकं आणि खांदे थेट तिच्या मांडीवर उतरले होते. मी ती सावली जरा जास्तच वेळ पाहिली.

कुणाचीही असू शकते, असं म्हटलं. आणि तो विचार तिथेच मिटवला.

मग पहिल्यांदाच मी तिच्या खांद्यामागे पाहिलं. एक दार होतं, धूसर, अर्धवट उघडं. दाराच्या फळीत डोळ्यासारखी एक गाठ.

मी मान वर केली. समोर माझ्या खोलीचं दार. तीच गाठ.

कॅमेरा स्टँडला लावून मी पहिली प्रत घेतली. लॅपटॉपवर ती उमटली. दाराची फट हातभर रुंद.

कागदावर चमक आली म्हणून दिवा विझवून दुसरी घेतली.

फट अर्धी झाली होती.

कोन बदलला असेल. मी स्टँड तपासला. तो हलला नव्हता. तिसरी घेतली...

फट दोऱ्याएवढी.

मी भिंग उचललं आणि थेट कागदावरच, मूळ फोटोवर धरलं.

दार बंद होतं.

तेव्हा जाणवलं, की स्वयंपाकघरातला नळ ऐकू येत नाही. भांड्यांचा आवाज नाही. गल्लीतली सायकलची घंटी नाही. कुठल्याही घरात, कितीही शांत असलं तरी, काहीतरी चालूच असतं. इथे काहीच नव्हतं.

आणि उजेडाचा चौकोन... तो खुर्चीच्या पाठीवर होता. भिंग उचलण्याआधीही तिथेच होता. तो सरकत नव्हता.

मी वळलो.

खोलीचं दार बंद होतं.

मी ते लावलं नव्हतं. ओढून पाहिलं. हललं नाही. त्या दाराला आतून कडी नाही, बाहेरून आहे. कधी अडगळीची खोली होती म्हणून, असं मला लहानपणी सांगितलं होतं, आणि इतकी वर्षं ते मला पुरलं होतं.

मी आईला हाक मारली. माझा आवाज खोलीतच राहिला.

मग पावलं आली. दारापर्यंत. आईचा आवाज, अगदी हातभर अंतरावर.

"अगं बिट्टे, तुझा दादा कुठे गेला? दार सताड उघडं टाकलंय."

"अंतर्धान पावले असतील!" लांबून बिट्टी.

"आई, मी इथेच आहे!" मी दोन्ही मुठींनी दार बडवलं. "आई!"

"काम सगळं पसरून गेलाय," आई म्हणाली.

हा आवाज दाराबाहेरून आला नाही. तो माझ्या शेजारून आला. आई खोलीत होती. माझ्या टेबलाशी उभी राहून बोलत होती, आणि तिथे कुणीही नव्हतं.

मग जड पावलं. बाबांची. जमिनीवर काहीतरी ओढल्याचा आवाज. गादी टाकल्याचा आवाज, माझ्या पायांजवळ. मी खाली पाहिलं. रिकामी फरशी.

"तो नाही तेच बरं," बाबा म्हणाले. "सामान आत्ताच लावून घेऊ."

"अहो... मुलगी आहे ती आपली."

"तीही बहीणच होती माझी."

उशी झटकल्याचा आवाज आला.

"आणि ओरडली तर?" आईने विचारलं.

"सुरुवातीला ओरडतात," बाबा म्हणाले. अगदी साध्या आवाजात, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. "मग नाही."

मी हे ऐकलं. माझ्याच खोलीत, माझ्याच आईवडिलांच्या मधोमध उभा राहून ऐकलं, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तसा तो आयुष्यात कधी फुटलाही नव्हता.

पावलं बाहेर गेली. दारापलीकडून बाबा पुटपुटले, "कडी नीट बसते का बघतो."

कडी सरकली.

मी दारावर तुटून पडलो. मुठी, कोपर, खांदा. ओरडलो. श्वास पुरेना म्हणून कपाळ फळीला टेकवून थांबलो.

पण दार वाजायचं थांबलं नाही...

खालून वाजत होतं. माझ्या गुडघ्यांच्या उंचीवरून. बाहेरून नव्हे, आतूनच. हळू, बोथट ठोके. बोटांना काहीतरी गुंडाळल्यावर जसे येतील तसे.

माझ्या पायांशी कुणीतरी बसलं होतं.

मी खाली पाहिलं नाही. आजही कुणी विचारलं, तर हेच सांगतो. पाहिलं नाही. फक्त पिंडरीला एक खांदा टेकल्याचं जाणवलं. हलका होता, आणि तापलेला नव्हता.

मग माझ्या मुठी आपोआप उठल्या. दार आम्ही दोघं वाजवत होतो. वरून मी, खालून ती.

खाडकन कडी निघाली.

दारात बिट्टी उभी होती. तिच्यामागे नळ वाहत होता, गल्लीत कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं, आणि उजेड जमिनीवर उतरलेला होता.

"दादा! तू आत? बाबांनी तर..." तिने कडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि एवढं काय बडवत होतास? वर आणि खाली, एकाच वेळी?"

मी मागे वळून पाहिलं. खोलीत बिट्टीची गादी अंथरलेली होती. तिच्याशेजारी तिची बॅग, भरलेली, बांधलेली.

मी ती उचलली.

"चल."

"कुठे?"

"बसकडे. आत्ता."

"अरे, दुपारची आहे ती! आणि बाबा?"

"बिट्टे, प्रश्न विचारू नकोस. चप्पल घाल."

पुढच्या खोलीत बाबा बसले होते. त्यांनी बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय चाललंय?"

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी न अडखळता बोललो. "ही नोकरीवर चालली आहे. मी सोडायला जातो आहे. वाट सोडा."

दारात आई उभी होती. ती फक्त बाजूला झाली.

बस सुटेपर्यंत मी खिडकीखाली उभा होतो. बिट्टी म्हणाली, "कमाल आहे, मनातल्या मनात नाही बोललास!" आणि मग एकदम रडू लागली. काय घडलं ते मी तिला सांगितलं नाही. तिने फक्त एवढंच विचारलं, की तुझ्याबरोबर आत अजून कोण होतं.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. बिट्टी मजेत आहे. अधूनमधून फोन करते, मलाही बोलावते. मी येतो म्हणतो.

कॅमेऱ्यात त्या तीन प्रती अजून आहेत. हातभर, अर्धी, दोऱ्याएवढी. स्टुडिओच्या मालकांना दाखवल्या. ते म्हणाले, लेन्सचा दोष. मूळ फोटोतलं दार पुन्हा पूर्वीसारखं अर्धवट उघडं दिसतं.

मी त्याच खोलीत राहतो. कडी मी स्क्रूसकट काढून टाकली आहे. तरीही सकाळी उजेड खुर्चीपाशी रेंगाळला, की दाराच्या खालच्या फळीवर तो बोथट ठोका येतो. मग मी उठतो आणि दार उघडतो. ते उघडंच असतं. तरी मी ते पुन्हा उघडतो, आणि कुणाला तरी जाता यावं इतका वेळ बाजूला उभा राहतो.

ठोके थांबलेले नाहीत.

बाबा अजून विचारतात, फोटो मोठा झाला का. मी म्हणतो, काम चालू आहे. ते खरंही आहे. रोज थोडा वेळ मी तो पाहतो. तिच्या गालावरची रेषा नाही, मांडीवरची सावली. मी पहिला कॅमेरा घरी आणला होता, तेव्हा बाबांनी तो हातात घेऊन, न बघता, सराईतपणे फोकस फिरवला होता. मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं आणि मी ते विसरून गेलो होतो. सावलीचा डावा खांदा उतरलेला आहे. असा खांदा मी रोज सकाळी पाठमोरा पाहतो, चहाच्या वेळी, आमच्याच स्वयंपाकघरात.

बाहेरून कुणी फोटोग्राफर आला नव्हता. तो फोटो बाबांनी काढला.