चारशे बारा नंबरची फांदी

शीट पहिली
ठिकाण: बनी पार्क, जयपूर. वेळ: सकाळी अकरा दहा. हवा: कोरडी, धुळकट. अवस्था: चहा गार.

"फांदी चोरीला गेलीय," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "आणि तिच्या जागी दुसरीच शिवलीय."

उत्तमरावांनी वहीत 'फांदी' लिहिलं आणि पेन थांबवलं. सुभेदारकीच्या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी रमच्या बाटल्या, बूट, एकदा तर अख्खं खेचर चोरीला गेलेलं पाहिलं होतं. फांदी ही पहिलीच. डोक्यावर हात फिरवला तर टोपीवरून पांढुरके तंतू गळले. फाटकातल्या जांभळाच्या झाडाला मोहोर आला होता, त्याचाच तो प्रसाद.

"काकी, मला एकदम शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगा," शर्वरी म्हणाली. खाजगी तपास हा तिचा धंदा. जयपूरच्या लष्करी वसाहतीत वाढलेली, त्यामुळे मराठी बोलता बोलता हिंदीत घसरायची. उत्तमराव निवृत्तीनंतर तिच्याकडे लागले होते, आणि आपण नक्की काय काम करतो हे त्यांना अजून कळलं नव्हतं.

रत्नप्रभाबाई एकाहत्तरच्या. सरकारी वनस्पतितज्ज्ञ होत्या. नवरा विम्याच्या नोकरीत बदलून जयपूरला आला, आणि निवृत्तीनंतर दोघं इथलेच झाले. येताना बाईंनी भांडीकुंडी थोडी आणली आणि एक जंगल आणलं. दोन लोखंडी कपाटांत नऊशे शीटा. प्रत्येक जाड कागदावर एकेक वाळवलेली फांदी, खाली लेबल. सगळ्या सह्याद्रीतल्या काळवत अभयारण्याच्या वर्षावनातल्या.

"चारशे बारा नंबर ढगजांभूळ," बाई म्हणाल्या. "अडतीस वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात मी ते डोंगराच्या वरच्या सोंडेवर पाहिलं. जगात दुसरीकडे कुठे नाही. कार्यालयातली तिची दुसरी प्रत, जोडशीट, वाळवीनं खाल्ली. उरली ती माझी. आता ती सोंड अभयारण्यातून वगळायचं चाललंय, खालून रस्ता न्यायचाय म्हणून. आज पाच वाजता सरकारी समितीचे तज्ज्ञ शीट बघायला येणार. ती खरी ठरली तर सोंड वाचेल. नाही ठरली तर त्या झाडांवर करवत. आणि मी खोटी."

"फोटो?"

"कधी काढू दिला नाही. ठिकाण बाहेर फुटलं की साल सोलायला लोक पोचतात."

शर्वरीनं घड्याळ पाहिलं. पाच तास पन्नास मिनिटं.

शीट दुसरी
नमुना: क्र. ४१२. लेबलावर: "१४ ऑगस्ट. फळं आहेत. फूल नाही." कागदावर: फूल आहे. फळ नाही.

"हे आपलं साधं जांभूळ," बाई म्हणाल्या. "सकाळी उघडलं, फांदी बघितली आणि कपाट लावून टाकलं. पुन्हा बघवेना."

शर्वरीनं पानाच्या मागून बोट फिरवलं. बोटाला पिठासारखी पिवळट धूळ लागली. पानांवर काळपट ठिपके होते, जणू ओल आतच कोंडली होती.

"खऱ्याचं पान कसं?"

"लांब टोकाचं. पान संपल्यावरही बोटभर पुढे ओघळत जातं. पावसाचं पाणी निथळायला हवं ना! आणि पानावर दगडफुलासारखी राखी नक्षी. तिथे पानावरही काहीतरी उगवतं. ऊन नसतं, म्हणून आम्ही नमुने स्पिरिटमध्ये भिजवून ठेवायचो. सगळे तपकिरी पडतात."

उत्तमरावांनी शेजारची चारशे अकरा नंबरची शीट उचलली. कोपऱ्यात चिकटवलेलं एक छोटं कागदी पाकीट घडी उलगडून उघडलं आणि चार बिया थेट त्यांच्या मांडीवर आल्या.

"अरे देवा!"

"असू द्या. गळलेल्या बिया, तुटलेली पानं त्या पाकिटात ठेवतो. प्रत्येक शीटवर असतं."

उत्तमराव जमिनीवर बसून बिया गोळा करू लागले. शर्वरी मात्र चारशे बाराच्या पाकिटाच्या कडेवरून नख फिरवत होती. ते उघडलं नाही. मग भिंगातून टाके पाहिले: पांढरा दोरा, सारख्या अंतरावर, मागच्या बाजूला बारीक चपट्या गाठी.

"किल्ली कुठे असते?"

"देवघरात. घरात सगळ्यांना ठाऊक. शेवटचं महिन्यापूर्वी पाहिलं होतं. मागच्या आठवड्यात मी दोन दिवस दवाखान्यात होते, तेव्हाच झालं असेल."

"दवाखाना कशाला?"

"छातीत जरा..." बाईंनी हात झटकला. "डॉक्टरांना काहीतरी सांगावंच लागतं."

शीट तिसरी
नमुना: भाचा. स्वभाव: काटेरी.

बाईंच्या भावाचा मुलगा निलय त्या दोन दिवसांत मुक्कामाला होता, आणि आजही होता. तो एका सर्वेक्षण कंपनीत. रस्त्याचा अहवाल त्याच कंपनीकडे.

"म्हणजे चोर मीच, असं ठरलंय तर," तो म्हणाला.

"ठरलं नाही भैया. पण तुम्ही रांगेत पहिले आहात," शर्वरी म्हणाली.

"आत्याची एक फांदी काय वाचवणार? तो पट्टा जाणारच. मला शीट चोरायची गरजच नाही. आणि मला सुईत दोरा ओवता येत नाही. शर्टाचं बटण तुटलं की मी शर्ट टाकतो."

"जांभूळ ओळखता?"

"फळ असलं की."

उत्तमरावांनी वहीत लिहिलं: 'हाच.'

शीट चौथी
नमुना: मदतनीस. ठिकाण: मूळ चौमूं. रोज बसनं येते.

अलका अकरा वर्षं इथे शीटा शिवत होती. मराठी तिनं याच घरात, लेबलं लिहिता लिहिता उचललेली.

"चारशे बाराचे टाके कुणाचे?" शर्वरीनं विचारलं.

"टाके तर सगळे मीच घालते, दीदी. कोणते कधीचे, कसं सांगू?" ती डिंकाच्या बाटलीचं झाकण घट्ट करत राहिली. ते आधीच घट्ट होतं.

"फांदी वाळवता कशात?"

"हिंदी अखबारात. रोज कागद बदलायचा, आठ दिवस. चिकना कागद बिलकुल नाही. तो ओल पीत नाही, पान काळं पडतं."

"आणि कोपऱ्यातलं पाकीट?"

अलकाचे हात थांबले. "त्याचं काय?"

"काही नाही. कधी पाहिलंय ते जंगल?"

"मी?" ती हसली. "बाईजींच्या डायरीत पाहिलंय ना. चौमूंच्या पुढे सीकरपर्यंत गेलेय, बस."

शीट पाचवी
नमुना: बाईंचे यजमान. ठिकाण: व्हरांडा. शेजारी दिवाळी अंकांची चळत.

नंदकिशोरांनी आग्रहानं उत्तमरावांना वेताच्या खुर्चीत बसवलं. दिवाळी अंक पाहून सुभेदारांचा जीव सुपाएवढा झाला. जयपुरात मराठी छापील अक्षर दिसायचं म्हणजे लग्नपत्रिकेवर. त्यांनी वरचाच, पोटात फुगलेला अंक उचलला.

"तो नको!" नंदकिशोरांनी तो जवळजवळ हिसकावलाच. "त्याची पानं सुटलीत. हा घ्या, नवा आहे. बघा कागद कसा गुळगुळीत."

"समितीचं पत्र दाखवता?" शर्वरीनं विचारलं.

पत्र शर्टाच्या खिशातच होतं, घड्यांवर विरलेलं. उत्तमरावांनी कवायतीच्या आवाजात वाचायला घेतलं. "नमुना ग्राह्य ठरल्यास जुलैमध्ये प्रत्यक्ष पाहणी होईल. सोंडेवरील झाडाची जागा संग्राहकाने स्वतः..."

"पुरे, पुरे. कळलं त्यांना." नंदकिशोरांनी पत्र परत घेतलं. "चार तासांची चढण आहे ती. भर पावसात. सरकारला काय जातंय सांगायला!"

"तुम्हाला काकींचं काम आवडतं?"

"आवडतं?" ते फाटकाकडे बघत राहिले. "एका पावसाळ्यात ही तिथे गेली आणि एकोणीस दिवस पत्र नाही. मी रोज एसटी स्टँडवर जाऊन उभा राहायचो. आवडतं म्हणे!"

शीट सहावी
रिकामी. नमुना निसटला.

"निलय," फाटकाबाहेर आल्यावर उत्तमराव म्हणाले. "नोकरी त्याची, फायदा त्याचा, वेळ त्याची. आणखी काय पाहिजे?"

"सुईदोरा पाहिजे, काका."

"मग अलका. निलयनं तिला हाताशी धरली."

"अलकानं एकटीनं केलं असतं तर ऑगस्टच्या लेबलावर मोहोर शिवला असता? अकरा वर्षं लेबलं लिहितेय ती."

"मग अडाण्यानं केलं."

"अडाण्यानं तशा गाठी मारल्या?"

उत्तमराव वैतागले. "शहाणा पण नाही, अडाणी पण नाही. मग कोण, भूत?"

शर्वरी थबकली. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काका, तुम्ही नं, कधीकधी कमाल करता."

आपण काय कमाल केली ते उत्तमरावांना कळलं नाही. साडेचार वाजले होते.

शीट सातवी
ठिकाण: कपाटांची खोली. हजर: सगळे. दार: बंद.

"या शीटवर दोन माणसं आहेत," शर्वरी म्हणाली. "फांदी तोडणारा अडाणी. शिवणारा जाणता."

तिनं शीट उजेडाकडे धरली.

"अडाण्यानं फाटकातल्या जांभळाची फांदी तोडली. लेबलावर फळं लिहिलीत, तरी मोहोर असलेली. पानावर जयपूरची धूळ. वर्षावनात धूळ कुठली? आणि फांदी दाबली ती गुळगुळीत कागदात, म्हणून हे काळे ठिपके. निलयभैया, या घरात गुळगुळीत कागद कुठे आहे?"

निलयनं खांदे उडवले. उत्तमरावांना मात्र एकदम हातातून हिसकावलेला अंक आठवला, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"दिवाळी अंक," ते पुटपुटले. "पोट फुगलेला."

नंदकिशोरांनी डोळे मिटले.

"अहो?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. एवढंच.

"आता जाणता हात," शर्वरी थांबली नाही. "त्याला धूळ दिसली, मोहोर दिसला, ठिपके दिसले. त्यानं एकही चूक दुरुस्त केली नाही. काकी एका नजरेत ओळखतील, हे त्याला माहीत होतं. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं, पुरावाही वाचायला हवा होता. बाकी पाकिटं नुसती घडीची. काकांच्या मांडीवर बिया सांडल्या, आठवतं? हे एकच डिंकानं बंद. अडाण्याला पाकीट दिसलंच नसतं. खोटं पचवायचं असतं तर जाणत्यानं ते रिकामं केलं असतं. यानं ते जपलं. का, अलका?"

अलका भिंतीला टेकली. "साहेब म्हणाले, बाईजी तिकडे चढल्या तर परत येणार नाहीत. डॉक्टरांनी साहेबांना तसं सांगितलं होतं. मग मी शिवली. पण पाकिटाला हात लावला तेव्हा... मला नाही जमलं. खरं तेवढं तरी राहू दे म्हटलं."

बाईंनी स्वतः पातळ पातं घेतलं. डिंक सुटला. आत दोन बिया, आणि एक तपकिरी पान. टोक बोटभर ओघळलेलं. पानावर राखी नक्षी.

नंदकिशोर उठून व्हरांड्यात गेले आणि तो अंक घेऊन आले. मधल्या पानांत, जुन्या कापडात गुंडाळलेली, ढगजांभळाची फांदी. एक फळही तुटलं नव्हतं.

"जाळायची होती," ते म्हणाले. "काडी ओढली दोनदा. तुझं अक्षर दिसलं देठाच्या चिठ्ठीवर."

"मला खोटं पाडायला निघाला होतात तुम्ही!"

"हो. खोटी, पण घरात. जिवंत."

बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. बाहेर फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. पाचला सात मिनिटं होती.

"पत्र द्या, काका," शर्वरीनं नंदकिशोरांपुढे हात केला. "तुम्ही हे शंभरदा उघडलंय, घड्या सांगतात. पण आज ऐकतानाही 'स्वतः' शब्दाशीच थांबलात. उत्तमकाका, पुढे वाचा."

उत्तमरावांनी चष्मा सावरला. "संग्राहकाने स्वतः, अथवा त्याने लेखी नेमलेल्या जाणत्या व्यक्तीने दाखवावी."

नंदकिशोर खुर्चीत खाली खाली गेले.

"मी वाचलं होतं," रत्नप्रभाबाई हळूच म्हणाल्या. "मला नेमायचं नव्हतं कुणाला. माझं झाड मीच दाखवणार होते." त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. "तुम्हाला सांगितलंही नाही."

घंटी वाजली. निलय दार उघडायला गेला. जाताना त्यानं आत्याच्या हातातल्या पानाकडे वळून पाहिलं.

"अलका," बाई म्हणाल्या, "ओढ्यापासून किती पावलं?"

"दोनशे चाळीस," अलका लगेच म्हणाली. "मग फुटलेला कातळ. डावीकडे वेताचं बेट. तिथून वर, जिथे पाण्याचा आवाज बंद होतो तिथे." ती दचकली. "बाईजी, मी तर... मला डोंगर चढता येत नाही. तिकडे पाऊस किती असतो!"

"भिजशील," बाई म्हणाल्या, आणि नेमणूक लिहायला कागद पुढे ओढला. "अहो, पेन द्या. आणि अशी माझी काळजी पुन्हा करू नका. करायचीच तर विचारून करा."

नंदकिशोरांनी पेन दिलं. त्यांचा हात बाईंच्या हातावर जरा जास्त वेळ राहिला, आणि बाईंनी तो झटकला नाही. लगेच तरी नाही.

शीट नऊशे एक
काळवत अभयारण्य, वरची सोंड. १९ जुलै. ढगजांभूळ, तीन झाडं उभी. खाली गळालेली फांदी, परवानगीनं उचलली. कच्ची फळं. हवा: सगळीकडे पाणी. टीप: बाईजी, टोकावरून थेंब खरंच तसाच पडतो. संग्राहक: अलका, चौमूं.